यात्रेत दार बंद ठेवा म्हणाले

हे लिहायचा मला कितपत अधिकार आहे, मला माहीत नाही. म्हणून वाचणाऱ्यांची आधीच क्षमा मागतो. मी पाळक नाही, उपदेशक नाही, धर्मशास्त्र शिकलेलो नाही. बेळगावात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. घर निपाणीकडं. आई विड्या वळते, वडील तंबाखूच्या वखारीत हमाली करतात. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे चार ओळी लिहिल्या की वाटतं, कुणीतरी मागून येऊन विचारेल, तुला रे कुणी सांगितलं हे? कुणी सांगितलेलं नाही. राग आला आहे म्हणून लिहितो आहे. तो ओसरेल म्हणून बरेच दिवस थांबलो होतो. ओसरला नाही.

आमचं घर आजोबांपासून ख्रिस्ती आहे. त्याआधी गावानं आम्हाला वेशीबाहेर ठेवलं होतं. बाप्तिस्म्यानंतर गाव काही फार बदललं नाही, पण आजोबा मान वर करून चालायला लागले, असं वडील सांगतात. माझा जन्म झाला तेव्हा जे सोडायचं ते सगळं सोडून झालेलं होतं. विश्वासात येताना माणसाला आतून काय तोडावं लागतं, याचा मला स्वतःला अनुभव नाही, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो.

बेळगावात मी एका लहानशा मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जातो. गेल्या वर्षी आमच्याकडं 'सोबत' नावाचा उपक्रम सुरू झाला. मंडळीत नव्यानं येऊ लागलेल्या माणसाबरोबर एका तरुणानं राहायचं, त्याच्यासोबत वाचायचं, प्रार्थना करायची आणि ख्रिस्ताकडं येताना त्याच्या वाटेत जे आडवं येतं ते दूर करायला मदत करायची. त्यासाठी बंगळूरहून एक प्रशिक्षक आले. त्यांनी पडद्यावर मोठ्या अक्षरांत अडथळे दाखवले: अहंकार, अंधश्रद्धा, घरच्यांची भीती, बुद्धीच्या शंका. "आधी अडथळा ओळखा, त्याला नाव द्या, मग प्रेमानं बाजूला करा," ते म्हणाले. मला ते आवडलं होतं. वाटेतला दगड उचलून बांधावर ठेवावा इतकं सोपं वाटलं. अडथळा आमच्याच बाजूनं टाकलेला असला तर काय करायचं, हे त्यांच्या पडद्यावर नव्हतं.

माझ्या वाट्याला अण्णा आले.

अण्णा उचगावच्या पुढच्या एका गावचे. मराठ्यांचं घर, चार माणसांत मान असलेलं. पहाटे शेतात पाणी पाजायचं आणि मग बेळगावात फौंड्रीत वाळूचे साचे भरायला जायचं, असं त्यांचं आयुष्य. वय चाळिशीच्या पुढं. फौंड्रीत त्यांच्या शेजारी काम करणारा एक कन्नड ख्रिस्ती माणूस जेवणाच्या सुट्टीत शुभवर्तमान वाचायचा आणि मोडक्या मराठीत अण्णांना सांगायचा. अण्णांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. "स्वतः वाचायचं असंल तर मराठी मंडळीत जा," असं त्यानंच त्यांना सांगितलं. तसे ते आमच्याकडं आले.

उपासना झाली की आम्ही दोघं आवारातल्या चिंचेखाली बसायचो. कधी ते वाचायचे, कधी मी. मला ते 'मास्तर' म्हणायचे. मी सांगायचो, मी अजून विद्यार्थीच आहे.

"मग काय झालं? मास्तर होईपतोर कोण थांबंल? आत्ताच म्हणून घेतो," असं म्हणून ते हसायचे.

कधी मी त्यांच्या गावी जायचो. एकदा गावच्या स्टॉपवर चहाच्या टपरीवर बसलेल्या पोरांनी मला विचारलं, "काय रं, एक माणूस बाटवला की किती मिळतंय तुला?"

माझे कान तापले. अण्णा शेजारीच होते.

"त्येला काय विचारतोस? मला विचार की. एक कप च्या मिळतोय त्येला, त्यो बी मीच पाजतोय. आणि तू हितं रोज फुकट पितोस, त्याचं काय?"

पोरं हसली, विषय संपला. माझा संपला नाही. एक मोठा, कर्ता, स्वतःच्या डोक्यानं चालणारा माणूस काहीतरी शोधतो आहे, आणि लोकांना वाटतं त्याला कुणीतरी विकत घेतलं. त्या दिवशी मला वाटलं होतं, अपमान करणारे बाहेरचे असतात.

एका रविवारी पाळकांनी साधाच उपदेश केला. देव रुसून दारात बसत नाही, असं ते म्हणाले. चूक कुणाचीही असो, आधी तो निघतो, तो चालत येतो आणि आपल्याला घरी बोलावतो. अशी वाक्यं मी लहानपणापासून ऐकली आहेत. माझ्यावरून ती वाऱ्यासारखी गेली. अण्णांवरून मात्र गेली नाहीत.

त्या दिवशी चिंचेखाली त्यांनी आक्कांचं सांगितलं. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा आक्कांनीच त्यांना सांभाळलं. आक्कांना खानापूर तालुक्यात दिलं. लग्नातल्या मानपानावरून त्यांच्या वडिलांचं आणि जावयाचं बिनसलं. वडील आक्कांना म्हणाले, हे दार तुला बंद. त्यानंतर गावची लक्ष्मी यात्रा भरली. आमच्या भागात ही यात्रा दहा-बारा वर्षांतून एकदा येते. गावातली प्रत्येक लेक माहेरी येते, घराघरात पंगती बसतात, कुणाचं दार बंद नसतं. त्या यात्रेला आक्कांना बोलावणं गेलं नाही. आक्का तरीही आल्या होत्या, फाट्यापर्यंत. तिथं उभ्या राहून त्यांनी रथाचे ढोल ऐकले आणि पुढच्या गाडीनं परत गेल्या. हे अण्णांना नंतर दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

"बाप मेला तवा ती आलती, मातीला. माती देऊन तशीच गेली. पाणी बी प्याली न्हाय. मी म्हटलं न्हाय, बस म्हणून. लाज वाटली. आता म्हणायचं तर कुठल्या तोंडानं, असं करत वर्षं गेली." ते वाळूनं खरखरीत झालेले हात एकमेकांवर घासत होते. "आज पाळक म्हटले, देव आधी निघतोय. मग मी का बसलोय?"

पुढची यात्रा काही महिन्यांवर आली होती. त्याच आठवड्यात अण्णा साडी-चोळी आणि नारळ घेऊन खानापूरकडं गेले. आक्कांनी आधी ओळखच दाखवली नाही म्हणे. उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "कोण पाहिजे तुमास्नी?" अण्णा म्हणाले, "आक्का, यात्रेचं आवतन घेऊन आलोय." आक्का आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मग आतूनच आवाज आला, "साखर घालू का न्हाय च्यात? तुझं काय ते शुगर-बिगर?"

हे सांगताना अण्णांना हसू आवरत नव्हतं. मला मात्र रडू येत होतं. मी प्रशिक्षकांचे अडथळे आठवून पाहिले. यातला कुठला हा? मला वाटलं, अडथळा तर गेला. उपदेश ऐकून माणूस उठला, चालत गेला आणि जे वर्षानुवर्षं जमलं नव्हतं ते करून आला. यापेक्षा जास्त विश्वास तो कुठला?

अण्णांनी बाप्तिस्म्यासाठी विचारलं. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, अजून तयार नव्हत्या. पण "तुम्ही घ्या, मी बघते," असं म्हणाल्या होत्या. आमच्याकडं बाप्तिस्म्याआधी मंडळीचे पंच भेटतात. त्यातले प्रमुख बँकेतून निवृत्त झालेले आहेत, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. स्वच्छ पांढरा शर्ट, मऊ आवाज. मंडळीची इमारत दुरुस्त झाली ती त्यांच्या खटपटीनं, हे मान्य केलंच पाहिजे. अण्णांसोबत मीही बसलो होतो.

काकांनी सगळं विचारलं. अण्णांनी सरळ उत्तरं दिली. शेवटी काका म्हणाले, "आता तुमच्या गावची यात्रा येते आहे. ती तुमची परीक्षा समजा. त्या दिवसांत घराला कुलूप लावा, कुटुंबाला घेऊन इथं येऊन राहा. मागची खोली रिकामी आहे. यात्रा संपली की त्या रविवारी बाप्तिस्मा."

"आणि आक्का येणार ती?"

"तिला यात्रा झाल्यावर बोलवा."

"यात्रा झाल्यावर कोण येतंय काका? यात्रेत बोलावलं तर ते माहेर. मागनं बोलावलं तर नुसतं घर."

"ख्रिस्तासाठी काहीतरी सोडावं लागतं, अण्णा."

अण्णा अगदी शांतपणे म्हणाले, "रथ ओढू नको म्हणा, न्हाय ओढत. देवळाम्होरं जाऊ नको म्हणा, न्हाय जात. बकरं कापू नको म्हणा, न्हाय कापत. घरात पूजा न्हाय करत, नैवेद्य न्हाय दावत. खरं, आक्काला सोड म्हणू नका. तिला एकदा सोडून बघितलंय."

पाळक तिथंच होते. ज्यांच्या उपदेशानं हे सगळं सुरू झालं ते पाळक. त्यांनी काकांकडं पाहिलं आणि मग खिडकीबाहेर पाहू लागले. त्यांचं राहतं घर मंडळीचं आहे आणि ते कुणाला द्यायचं हे पंच ठरवतात. मला त्यांची अडचण कळते. तरीही मी त्यांना अजून माफ करू शकलेलो नाही, आणि हे लिहिताना मला वाईट वाटतं आहे.

अण्णा गेल्यावर मी धीर करून काकांना विचारलं, कुलूपच का? ते बिनपूजेचं जेवण घालायला तयार आहेत, तर आपलं काय बिघडतं?

काका म्हणाले, "अरे, गावातलं वजनदार घर आहे ते. अशा घराला ऐन यात्रेत कुलूप दिसलं की सगळं गाव विचारेल, का? तीच साक्ष. असं एक घर आलं की मागून दहा येतात." मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुला नाही समजणार ते. तुमच्याकडं सोडण्यासारखं होतं तरी काय?"

हे त्यांनी प्रेमानं म्हटलं. म्हणूनच ते इतकं लागलं. मी खोलीवर परत येताना कंग्राळीच्या रस्त्यानं एकटाच मोठ्यानं बोलत होतो. आमच्याकडं सोडण्यासारखं काय होतं? खरंच, काय होतं? आजोबांच्या दारात वरच्या आळीचं कुणी जेवायलाच येत नव्हतं, त्यामुळं दार बंद करा असं त्यांना सांगायची वेळच आली नाही. ज्यांच्या दारात माणसं येत नाहीत अशा घरात मी जन्मलो आहे. भरलेलं दार बंद करणं म्हणजे काय, हे मला समजणार नाही, असं काकांना म्हणायचं होतं. मला तर उलट वाटतं. रिकाम्या दाराचं दुःख ज्यांनी पाहिलंय, त्यांनाच ते समजतं.

आणि काका स्वतः? दर गणपतीला बँकेतल्या जुन्या मित्राच्या घरी ते जेवायला जातात. पुरणपोळीचं वर्णन करतात. मी त्यात काही चूक मानत नाही. माणसांनी एकमेकांकडं जेवावं. पण "जुने संबंध आहेत" हे कारण ज्याला स्वतःसाठी पुरतं, त्यानं ते दुसऱ्याच्या बहिणीला नाकारू नये, एवढंच मला म्हणायचं आहे. मला ते तेव्हा म्हणता आलं नाही. वाक्य नीट जुळेपर्यंत काका स्कूटर सुरू करून निघून गेले होते.

अण्णांनी कुलूप लावलं नाही. त्यांनी सगळ्या पंचांना, पाळकांना, मला, यात्रेच्या जेवणाचं बोलावणं केलं. प्रत्येकाच्या घरी जाऊन केलं, आवतन देतात तसं.

मी गेलो. उचगाव सोडलं तशी बस माणसांनी कोंबली होती. गावात घराघराला नवा रंग, रस्त्यावर भंडाऱ्याचा पिवळा थर, हातात पिशव्या घेतलेल्या लेकीबाळी. अण्णांच्या अंगणात मांडव होता. त्यांनी शहरातल्या दुकानातून मटण आणलं होतं. भाऊबंद तेवढ्यावरून चिडलेले होते. एक चुलतभाऊ मांडवाच्या कडेला उभा राहून म्हणाला, "देवीला दावायचं न्हाय आणि थेट पानात वाढायचं? हे काय हॉटेल हाय व्हय रं?"

"हॉटेलात बिल घेतात. हितं न्हाय. बस की," अण्णा म्हणाले.

तो बसला नाही, पण गेलाही नाही. त्याच्या बायकोनं वहिनींना भाकऱ्या थापायला मदत केली.

मला कुठं बसवतील याचा मी विचार करत होतो. हे सांगायला संकोच वाटतो, पण आमच्यासारखी माणसं कुणाच्या घरी गेली की आधी हाच विचार करतात. अण्णांनी मला हाताला धरून आत नेलं आणि आक्कांच्या शेजारी पान मांडलं. आक्का लहानखुऱ्या होत्या, केस पांढरे, नवी साडी. ही तीच आवतनाची असणार. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"हा व्हय तुझा मास्तर? लईच वाळल्याला हाय. ह्येला काय घालतात काय न्हाय तुमच्यात?"

पंगतीत हशा पिकला. मग अण्णा उभे राहिले. सगळ्यांसमोर त्यांनी डोळे मिटले आणि प्रार्थना केली. फार लहान. "येशू बाबा, आमची आक्का आली. तूच आणलास. ह्या पानावरच्या सगळ्यास्नी सुखी ठेव. आमेन." कुणीतरी खाकरलं. चुलतभाऊ मान फिरवून उभा होता. त्या गावात, त्या दिवशी, त्या मांडवात असं नाव घेणं सोपं नव्हतं. आमच्या पंचांपैकी एकानं तरी ते ऐकायला यायला हवं होतं. कुणी आलं नाही. पाळकही नाही. त्यांची पानं वहिनींनी थोडा वेळ राखून ठेवली आणि मग उचलली.

आला तो फक्त फौंड्रीतला तो कन्नड सोबती. बायकोला घेऊन काकतीकडून आला होता. दोघंही बिनघोर जेवले. नंतर बायकोनं पदर खोचून वाढायलाही घेतलं. "ऊट आयितु?" मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये त्याला विचारलं, जेवण झालं का म्हणून. "आत्ता सुरू झालंय," तो मराठीत म्हणाला आणि परत रस्सा मागितला.

निघताना आक्का अंगणात आल्या. त्या सकाळी बायकांबरोबर लक्ष्मी पाहून आल्या होत्या, त्यांचे हात आणि केस भंडाऱ्यानं पिवळे झाले होते. त्यांनी अण्णांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. अण्णांच्या गालाला आणि कपाळाला पिवळा रंग लागला. त्यांनी तो पुसला नाही. कुणीतरी मोबाईलवर फोटो काढला.

तोच फोटो रविवारी आमच्या मंडळीत पोहोचला. कसा, देव जाणे. आमच्या भागात यात्रेचे फोटो सगळीकडं फिरतात. अण्णा हसताहेत, कपाळावर देवीचा भंडारा. आक्का फोटोत नव्हत्या, फक्त त्यांचा पिवळा तळवा कडेला दिसत होता.

पंचांची बैठक झाली. अण्णांना बोलावलं नाही. 'सोबती' म्हणून मला बसायला दिलं. काकांनी मोबाईल टेबलावर ठेवला.

"हे पाहा. आपण सांगितलेलं काय, आणि हे काय."

मी म्हणालो, तो त्यांच्या बहिणीचा हात आहे. ती त्यांना भेटत होती. मी तिथं होतो.

"तू भावनेच्या भरात आहेस."

"मी तिथं होतो काका," मी परत म्हणालो. "तुम्हालाही बोलावलं होतं. तुम्ही आला असता तर तुम्हीही पाहिलं असतं. त्यांनी सगळ्या गावापुढं प्रभूचं नाव घेतलं. आपल्यापैकी कुणी कधी असं घेतलंय? आपण इथं भिंतींच्या आत घेतो. आपण त्यांना कुलूप लावून लपायला सांगत होतो आणि त्यालाच साक्ष म्हणत होतो."

मी एवढं कधीच बोललेलो नाही. मला वाटलं, पाळक आता तरी काही म्हणतील. ते म्हणाले, "आपण प्रार्थना करू या."

प्रार्थना झाली. निर्णय झाला: बाप्तिस्मा एक वर्ष पुढं. 'अजून जुन्या गोष्टींचा पगडा आहे.' हे अण्णांना सांगायचं काम माझ्याकडं आलं, कारण मी त्यांचा सोबती होतो. अडथळा प्रेमानं बाजूला करायला मला शिकवलं होतं. तो प्रेमानं वाटेत नेऊन ठेवायचं कामही माझंच निघालं.

फौंड्रीच्या दारात पाळी सुटेपर्यंत थांबलो. अण्णा बाहेर आले, अंगावर काळी वाळू, हातात डबा. मी सांगितलं. मला ते गोड करून सांगता येईना, म्हणून जसंच्या तसं सांगितलं.

त्यांनी डबा सायकलच्या हँडलला अडकवला. "मला घ्यायचं नसंल तर तसं सांगायचं. आक्काला कशाला मधी आणलं?"

मी म्हणालो, अण्णा, मी त्यांना सांगितलं होतं.

"तू सांगितलास हे म्हायत हाय मला." त्यांनी सायकल स्टँडवरून काढली. "खरं, मास्तर, मी काय म्हणतो, देव तुमचाच हाय का रं? का मी सरळ त्येच्याकडंच जाऊ?"

यावर माझ्याकडं उत्तर होतं. मी कितीतरी वाचलेलं आहे. पण त्या दारात, येणाऱ्याजाणाऱ्या कामगारांच्या गर्दीत, मला एकच म्हणावंसं वाटलं आणि तेच म्हणालो. "जा अण्णा. सरळ जा."

त्यानंतर ते आमच्या मंडळीत आले नाहीत. मी फोन केले, ते कट व्हायचे. एकदा गावी गेलो तर घराला कुलूप होतं, शेतात गेले असतील असं शेजाऱ्यानं सांगितलं. मी शेतापर्यंत गेलो नाही. तोंड दाखवायची लाज वाटली. परीक्षा आल्या, मग मी सुट्टीत निपाणीकडं घरी जाऊन आलो. बेळगावात चर्चमध्ये मात्र जात राहिलो. मागच्या बाकावर बसतो. काका अजूनही माझ्या खांद्यावर हात ठेवतात. 'सोबत' उपक्रम चालू आहे. मला दुसरं कुणी सोपवलं नाही आणि मी मागितलंही नाही. मी रोज प्रार्थनेत अण्णांचं नाव घेत होतो, पण खरं सांगायचं तर त्या प्रार्थनेत विनंती कमी आणि भांडण जास्त होतं. बाहेरच्या माणसाला आत आणताना आपण त्याच्या डोक्यात काय काय आहे ते मोजत बसतो. आपल्या दाराची उंची कुणी मोजत नाही. आपण वाकून आत आलो, म्हणून सगळ्यांनी वाकावं, एवढंच आपल्याला कळतं.

मागच्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. मी दोन दिवसांसाठी परत घरी आलो होतो, अंगणात होतो. अण्णांचा नंबर पाहून मी उभाच राहिलो, आणि पलीकडून वहिनी बोलल्या.

अण्णांचा बाप्तिस्मा झाला. होऊन बरेच दिवस झाले. काकतीकडं एका शेतातल्या पाण्याच्या हौदात. फौंड्रीतला तो सोबती ज्या लहान कन्नड मंडळीत जातो, तिथल्या पाळकांनी दिला. त्यांनी वचनं मराठीत वाचायला त्या सोबत्यालाच सांगितलं होतं, आणि तो अडखळत वाचत होता, तेव्हा अण्णा हौदात उभे राहून हसत होते. आक्का खानापूरहून आल्या होत्या. हौदाच्या काठावर टॉवेल धरून त्या उभ्या होत्या.

मी विचारलं, "वहिनी, मला का नाही सांगितलं?"

"सांगू म्हणत हुतं ते. लई येळा म्हटलं, मास्तरला सांगायचं. खरं, तुमच्या लोकास्नी कळलं तर परत काय तरी काढतील म्हणून मीच म्हटलं, ऱ्हाऊ द्या." मग म्हणाल्या, "तू तसला न्हाईस, हे म्हायत हाय रं आमास्नी. खरं, तू त्यांच्यातलाच की."